रबराखालचा हात

सोल्युशन सुकलं की नाही, हे बोटाच्या मागच्या बाजूने बघायचं. पुढच्या बाजूने बघितलं तर बोटाचा घाम लागतो आणि तेवढ्या जागी रबर धरत नाही. बोट वाकवायचं, पेराचं हाड हलकेच टेकवायचं आणि उचलायचं. बोट ओढल्यासारखं वाटलं, पण बोटाला काही आलं नाही, की समजायचं झालं. ओलं असताना रबर चिकटवलं तर आत वाफ कोंडते आणि फोड येतो. फार सुकलं तर चिकटतच नाही. मधली वेळ थोडी असते.

हे मला यांनी शिकवलं. हे म्हणजे माझे मालक. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं की यांचं गाड्यांच्या पंक्चरचं दुकान आहे, कारण आमच्या सोयरिकीत सांगणाऱ्याने तसंच सांगितलं होतं. रबर आणि सोल्युशन म्हटल्यावर दुसरं काय असणार. इथे येऊन बघते तर शेडमध्ये माझ्या कमरेएवढा लोखंडी ड्रम आडवा ठेवलेला, आणि हे त्याच्यावर वाकून लहान बाळाचं अंग पुसावं तसे तो पुसत होते.

तीर्थपुरीहून घनसावंगीकडे जाताना रस्त्याच्या कडेला आमचं पत्र्याचं शेड आहे आणि मागे दोन खोल्या. शेजारच्या दोन खोल्यांत मोठे दीर आणि जाऊबाई राहतात. जवळच साखर कारखाना आहे. उसाचा रस काढल्यावर जो भुसा राहतो त्याला तिथे बगॅस म्हणतात. तो एका लांब पट्ट्यावरून बॉयलरकडे जातो, कारण बॉयलर त्याच्यावरच पेटतो. हा पट्टा दोन टोकांना ड्रमवरून फिरतो. एका टोकाच्या ड्रमला मोटर असते. ड्रम फिरला की पट्टा ओढला जातो. पण लोखंड गुळगुळीत असतं आणि बगॅस ओला असतो. मग ड्रम आपला जागच्या जागी फिरत राहतो आणि पट्टा उभाच. पट्टा घासून तापतो, जळाल्याचा वास सुटतो, बॉयलरला बगॅस पोचत नाही, वाफ उतरते आणि कारखान्याच्या दाराशी उसाच्या गाड्यांची रांग लागते. हे सगळं होऊ नये म्हणून ड्रमवर जाड रबर चढवतात. त्या रबरावर शंकरपाळ्यासारख्या खाचा असतात. ओल आणि भुसा खाचांतून निघून जातो आणि रबर पट्ट्याला धरून ठेवतं. साहेब लोक याला लॅगिंग म्हणतात. आम्ही रबर चढवणं म्हणतो.

हे तरुणपणी जालन्याला एका रबराच्या कारखान्यात कामाला होते. तिथेच ग्राइंडरमध्ये यांची डाव्या हाताची करंगळी अर्धी गेली. साखर कारखान्याचे फोरमन नेहमी आमच्या शेडमध्ये यायचे आणि म्हणायचे, "आमच्या मिस्तरीचं साडेनऊ बोटांचं काम दहा बोटांच्या माणसाला जमत न्हाई." यावर हे फक्त हसत. बोलणारे हे नव्हतेच.

मी तर त्याहून कमी. फोरमन आले की मी आत जायची आणि चहा दाराआडून सरकवायची. पण कुणी नसलं की शेडमध्ये माझं काम असे. जुनं रबर खरवडायचं, लोखंड वायर ब्रशने घासायचं, थिनरच्या बोळ्याने पुसायचं. सोल्युशनचा पहिला हात सुकला की नाही, ते हे मला विचारायचे. यांच्या बोटांना घट्टे पडले होते, त्यांना आता नीट कळत नसे. "बघ गं," म्हणायचे. मी पेर टेकवायची आणि म्हणायची, "अजून." किंवा म्हणायची, "झालं." एवढंच आमचं बोलणं, पण दिवस भरलेला वाटायचा.

उन्हाळ्यात कारखाना बंद असतो तेव्हा ड्रम खोलून आमच्याकडे येत. शेतीवाडी आमच्या वाट्याला फार नाही. हे ड्रम म्हणजेच आमचं सगळं.

गेल्या साली होळीच्या सुमारास हे सकाळी नळावर तोंड धुताना खाली बसले ते उठलेच नाहीत. उजवी बाजू गेली होती. तोंड वाकडं झालं होतं. दिरांनी जीप करून जालन्याला नेलं. जीव वाचला. महिन्याभराने घरी आणलं तेव्हा उजवा हात खांद्यापासून पिशवीसारखा लोंबत होता आणि पाय ओढत होते. बोलणं हळूहळू थोडं आलं. एका वेळी तीन-चार शब्द, तेही थांबून थांबून. डॉक्टरांनी हाताचा व्यायाम सांगितला, मऊ चेंडू दाबा म्हणून. चेंडू आणायला मी कुठे जाणार? शेडमध्ये कापून उरलेल्या रबराचे तुकडे पडले होते. त्यातला एक घेऊन, कडा घासून गोल करून, मी यांच्या उजव्या मुठीत ठेवला. बोटं मिटायची नाहीत, मीच मिटायची. तरी हे डोळे मोठे करून त्या मुठीकडे बघत आणि कपाळाला घाम येईपर्यंत जोर लावत.

त्या उन्हाळ्यात ड्रम आले नाहीत. कारखान्यात कळलं होतं. पाऊस लागला, पोळा झाला, तरी कुणी फिरकलं नाही. मग एक दिवस फोरमन आले. हे शेडमध्ये खुर्चीत बसले होते. मी दाराआड उभी होते.

"मिस्तरी, मोठा ड्रम हाय. बगॅसचा, मोटरकडचा," फोरमन म्हणाले. "रबर पार गुळगुळीत झालंय. साहेबांनी संभाजीनगरच्या कंपनीला द्यायचं ठरवलंय. ते लोक तर टपूनच बसलेत. भट्टीत घालून पक्कं करून देतो म्हणतात. मी म्हणलं, एक डाव आमच्या मिस्तरीला विचारून येतो."

यांनी डाव्या हाताने खुर्चीचा दांडा धरला. मग म्हणाले, "करू."

"कसं करता मिस्तरी? खरं सांगा."

यांनी डावा हात उचलून दाराकडे दाखवला. म्हणजे माझ्याकडे. "ती करती. मी सांगतो."

फोरमन वळले. इतक्या वर्षांत त्यांनी मला नीट बघितलं नसेल. मी पदर ओढून खाली बघत राहिले.

"वहिनी, जमंल का?"

मी मान हलवली असेल. फोरमननी एकदा शेडमध्ये नजर फिरवली. मग म्हणाले, "बघा. हा ड्रम सीझनभर टिकला तर काम इथंच राह्यलं समजा, माझी जबाबदारी. न्हाई टिकला तर मंग मला पुन्हा इथं यायला तोंड न्हाई राहणार."

ड्रम आला तो भादव्यात. टेम्पोतून उतरवायला चार माणसं लागली. पण हवा दमट होती, रोज सर यायची. दमट हवेत रबर चढवत नाहीत. मी जुनं रबर काढून ठेवलं आणि आम्ही ऊन पडायची वाट बघत बसलो. नवरात्र बसलं तसं उघडलं.

मग मी ग्राइंडर हातात घेतला. त्याआधी कधी घेतला नव्हता, तो यांचा होता. पहिल्या दिवशी तो माझ्या हातातून उड्या मारत होता. हे खुर्चीतून ओरडायचे, म्हणजे ओरडायचा प्रयत्न करायचे. "दाब. दाबू नको. तिरका." मी घाबरून बंद करायची. "काय झालं? चालव." संध्याकाळी माझं तोंड काळं झालेलं असे. जाऊबाई भांडी घासता घासता म्हणायच्या, "मिस्तरीणबाई, काजळ घातलं का ग्रीस? भावजींना खुर्चीत बसवलं अन् हिनं कारखाना काढला."

"तुम्हीच या ना मदतीला," मी म्हणायची.

"न्हाई गं बाई. मला बसून खायची सवय हाय. तू कर, मी बघते."

पण रात्रीची भाकर त्याच थापून आणून द्यायच्या. तोंडाने टोचतात, पण हाताने तशा नाहीत.

हे चिडायचे. मी काही चुकीचं केलं की डाव्या हाताने खुर्चीचा दांडा आपटायचे. एकदा तर ब्रश फेकला. मला यांच्या रागाचं बरं वाटायचं. सहा महिने हे नुसते छताकडे बघून पडलेले असायचे. आता सकाळी उठले की आधी शेडकडे मान वळवायचे. एके दिवशी चालत, भिंत धरत, स्वतः शेडच्या उंबऱ्यापर्यंत आले. मी ओरडले नाही, धावले नाही. मला वाटलं, बघितलं तर पडतील. मी पाठ करून काम करत राहिले आणि कानांनी त्यांची पावलं ऐकत राहिले. मुठीतला रबराचा तुकडाही त्या दिवसांत थोडा दबायला लागला होता. मी बोट खाली लावून बघायची. दबत होता.

मनात मी फार काही मागत नव्हते. हा ड्रम टिकावा, एवढंच. ड्रम टिकला की यांना वाटेल आपण अजून मिस्तरी आहोत. मग बाकीचं यांचं शरीर आपोआप करील, असं मला वाटायचं.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. हातोडे, रोलर, सुऱ्या, ग्राइंडर सगळं धुऊन पुसून पाटावर मांडायचं. वाटीत तेलात हळद कालवायची. यांनी बोट बुडवून एकेका हत्याराला लावायचं आणि मी मागून कुंकू. दर वर्षी ड्रमचं काम या दिवसाच्या किती तरी आधी झालेलं असे. तेव्हा शेडमध्ये नुसती हत्यारं असायची. या वेळी ड्रमही होता, घासून चांदीसारखा झालेला, उघडा. त्या दिवशीच सोल्युशन लावायचं होतं, कारण ऊन चांगलं होतं आणि दसऱ्यानंतर कारखान्याला तो हवा होता.

सकाळी मी ड्रम थिनरने शेवटचा पुसला, धुतलेल्या सुती लुगड्याने झाकला. हत्यारं पाटावर मांडली आणि पूजेचं ताट भरून जवळच्या फळीवर ठेवलं. मला देवीला नैवेद्य न्यायचा होता. यांना म्हणाले, "मी आले की धरते, मंग पूजा करू. तोवर उठू नका." यांनी मान हलवली.

देवळात गर्दी होती. परत आले तर हे खुर्चीत बसलेले, घामाघूम, खांद्यावरच्या टॉवेलला पिवळे डाग. पाटावरच्या सगळ्या हत्यारांना हळदीची बोटं लागलेली. ड्रमवरचं लुगडं एका बाजूला सरकलेलं.

"तुम्ही उठलात?" मी म्हणाले.

"केली पूजा," हे म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "ड्रम पुसला मी. लाव आता."

मला काय वाटलं ते मला लिहिता येत नाही. खुर्चीपासून पाटापर्यंत हे एकटे गेले होते, वाकले होते, हत्यारांना बोटं लावली होती आणि परत येऊन बसले होते. जाऊबाईंना हाक मारून सांगावंसं वाटलं. मी नैवेद्याचं ताट खाली ठेवलं. सवयीने थिनरचा बोळा हातात घेतला, प्रायमर, म्हणजे सोल्युशनखालचं अस्तर, लावायच्या आधी एकदा पुसतात म्हणून. यांनी ते बघितलं.

"पुसला म्हणलं ना," हे म्हणाले.

मी बोळा ठेवून दिला. आजारपणानंतर यांनी स्वतःच्या हाताने केलेलं ते पहिलं काम होतं. त्याच्यावरून मी परत हात फिरवणं बरं दिसलं नसतं.

प्रायमर लावला. तो गडद असतो, लोखंड दिसेनासं होतं. सुकल्यावर सोल्युशनचा पहिला हात, मग दुसरा. रबरालाही लावलं. मी पेर टेकवलं. "अजून," मी म्हणाले. पुन्हा टेकवलं. "झालं." रबराचा तक्ता जड असतो, एकटीने धरता येत नाही. जाऊबाई आल्या, नाक धरून.

"बाई गं, या वासानं तर मला झिंग चढून राह्यली. भावजी एवढी वर्षं या वासात बसले, म्हणूनच कुणाशी भांडत नसतील."

हे हसले. वाकड्या तोंडाने, पण हसले. मी रबराची कड ड्रमवर आखलेल्या रेघेला लावली, जाऊबाईंनी उचलून धरलं, आणि इंचाइंचाने, मधून कडांकडे दाबत, हवा राहू न देता ते बसवलं. मग रोलर, मग लाकडी हातोडा. हे डोळे मिटून हातोड्याचा आवाज ऐकत होते. कुठे पोकळ आला की बोट वर करायचे. कुठेच आला नाही.

फोरमन ड्रम न्यायला आले तेव्हा त्यांनीही ठोकून बघितलं. सगळीकडे भरीव आवाज. "मिस्तरी," ते म्हणाले, "तुमचा हात वहिनीच्यात आलाय बिलकुल."

मी चहाचं निमित्त करून आत गेले. चुलीपुढे उभी राहिले. चहा उतू गेला तरी कळलं नाही.

दिवाळीनंतर कारखान्याचा भोंगा झाला. आमच्या शेडपर्यंत तो ऐकू येतो आणि कारखाना चालू असताना एक सततची घरघरही येते, वाऱ्यावर असेल तशी कमी-जास्त. हे दिवसभर ओट्यावर बसून ती घरघर ऐकत. रस्त्यावरून उसाच्या गाड्या जात. कुणी ओळखीचा ट्रॅक्टरवाला हात करी, हे डावा हात वर करीत. रात्री झोपताना मला म्हणत, "चालू हाय." मी म्हणे, "हाय."

मग एक दिवस दुपारी घरघर थांबली. मी भाजी निवडत होते. हे एकदम ताठ बसले. कारखाना मधूनमधून थांबतोच, कधी साफसफाईला, कधी ऊस कमी म्हणून. मी तसं म्हणाले.  दिवस मावळेपर्यंत हे त्या दिशेने कान लावून बसले. रस्त्यावर गाड्यांची रांग वाढत आमच्या दारापर्यंत आली. एक बैलगाडीवाला पाणी मागायला आला. तो म्हणाला, "बगॅसचा पट्टा बसला म्हणं, बाई. रबर सुटलं ड्रमचं." मी त्याला पाणी दिलं.

दुसरे दिवशी टेम्पो आला. फोरमन पुढे बसले होते. दुसरा एक जुना ड्रम कसाबसा लावून कारखाना चालू केला होता. हा आमचा ड्रम मागे बांधलेला. रबर एका कडेकडून फाटून जिभेसारखं लोंबत होतं.

फोरमन खाली उतरले, यांच्यासमोर उकिडवे बसले. रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. "मिस्तरी, साहेबांनी सांगितलं कंपनीला पाठवा म्हणून. कंपनीवाले म्हणाले, जुनं रबर काढून आणा. मी म्हणलं, काढायचंच हाय तर आमच्या मिस्तरीकडून काढून घेऊ. तेवढं काम तरी."

म्हणजे ते आमचं शेवटचं काम होतं, आणि तेही स्वतःच चढवलेलं उतरवायचं.  मी सुरी आणि पक्कड घेतली. या वेळी फोरमन तिथेच उभे होते, आणि मला आत पळून जायला जागा नव्हती.

तीन बाजूंनी रबर इतकं घट्ट होतं की पकडीने ओढून माझे खांदे भरून आले. जिथे ते निघत होतं तिथे फाटत निघत होतं, लोखंडाला काळे तुकडे धरून. तिथलं काम चांगलं होतं. फोरमननाही ते दिसलं, ते म्हणालेही, "इथं तर बराबर धरलंय की." मग मी फाटलेल्या कडेकडे आले. तिथलं रबर ओढायलाच लागलं नाही. आपोआप खाली आलं, मधल्या एका जागेचा प्रायमर घेऊन.

खाली लोखंडावर एक हात उमटलेला होता.

आजूबाजूला सगळा प्रायमर धरलेला, गडद. मध्ये हाताच्या आकाराएवढं लोखंड उघडं, कडांना गंज धरलेलं. कडेपासून वीतभर आत तळवा, आणि बोटं खाली ओढत गेलेली, शेवटी पुसल्यासारखी पसरलेली. डावा हात. करंगळी अर्धी.

मी बघत राहिले, आणि खंडेनवमीची ती सकाळ मला तिथे उभ्या उभ्या पूर्ण दिसली. पूजेला कुणी तळवा लावत नाही, बोट लावतं. आणि लावलेलं बोट असं घसरत जात नाही. हे पाटापासून उठताना तोल जाऊन पडत होते. वाटी सावरताना तेलाने भरलेल्या हाताने यांनी ड्रम धरला. लुगडं सरकलं ते तेव्हा. घरात कुणी नव्हतं. किती वेळ एका हाताने त्या ड्रमला धरून उभे होते, कोण जाणे. मग कसेबसे सावरले, टॉवेलने पुसलं आणि खुर्चीत जाऊन बसले. हळदीचा रंग पुसला गेला. तेल पुसलं गेलं नाही. तेल थिनरशिवाय जात नाही, हे मला यांनीच शिकवलेलं. पण थिनर मागितलं असतं तर का, ते सांगावं लागलं असतं.

फोरमन जवळ आले आणि वाकले. "पंजा हाय हा," ते म्हणाले. "कुणाचा?"

मी यांच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर फोरमननीही बघितलं असतं.

"माझा," मी म्हणाले.

 आणि खरं वाटावं म्हणून मी माझा डावा हात त्या खुणेवर ठेवला. माझा हात लहान आहे. तळव्याच्या चारी बाजूंनी खूण बाहेर दिसत राहिली. फक्त करंगळीपाशी माझं बोट खुणेच्या पुढे गेलं.

फोरमन त्या करंगळीकडे बघत राहिले. मग त्यांनी मान वळवली. यांचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर होता. यांनी तो उचलून मांडीवर घेतला आणि धोतराच्या सोग्याखाली झाकला.

"होतं कधीकधी, वहिनी," फोरमन म्हणाले. "सणाचे दिवस. तेलाचा हात लागला असंल." आणि टेम्पोवाल्याला म्हणाले, "चल, जरा तंबाखू खाऊन येऊ. वहिनीचं होऊ दे जल्दी जल्दी."

ते गेल्यावर शेडमध्ये आम्ही दोघंच राहिलो. मला वाटलं, आता हे काही बोलतील. मी वाट बघितली. बऱ्याच वेळाने हे म्हणाले, "ग्राइंडर मार त्याच्यावर."

मी ग्राइंडर लावला. ठिणग्या उडाल्या. करंगळी आधी गेली, मग बोटं, मग तळवा. लोखंड पुन्हा चांदीसारखं झालं. तेव्हा मी ते थिनरने दोनदा पुसलं, कंपनीत जाणारा ड्रम होता तरी.

फोरमननी कारखान्यात काय सांगितलं ते मला माहीत नाही. मी जे म्हणाले तेच सांगितलं असेल. दुसरं काय सांगणार? आठवड्याभराने जाऊबाई बाजारातून आल्या, पिशवी आपटून म्हणाल्या, "बाजारात म्हणून राह्यले, बाईनं तेलाच्या हातानं रबर लावलं, म्हणून कारखाना बसला. मी म्हणलं, मी होते तिथं, तिनं हात चार वेळा धुतले होते. तर म्हणतात, मिस्तरीचा हात गेला अन् काम बाईच्या हातात गेलं, मंग काय होणार. तू का गं गप बसून राह्यली? सांग ना त्या फोरमनला."

हे पलंगावर होते, जागे होते. मी म्हणाले, "जाऊ द्या." जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग पलंगाकडे बघितलं. मग पिशवी उचलून गेल्या. त्यांनी पुन्हा कधी मला मिस्तरीण म्हटलं नाही.

त्या दिवसापासून यांनी ओट्यावर बसणं सोडलं. कारखान्याची घरघर आतही येते, पण हे भिंतीकडे तोंड करून पडतात. रबराचा गोल तुकडा मला झाडताना पलंगाखाली सापडला. पुसून यांच्या मुठीत ठेवला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा पलंगाखाली होता. असं काही दिवस चाललं. मग मी तो उचलून फळीवर ठेवला. उजव्या हाताची बोटं आता आत वळून कडक झाली आहेत. नखं कापताना एकेक उघडावी लागतात.

मला यांना सांगायचं होतं की मला राग आलेला नाही. मला एवढंच सांगायचं होतं की हे पडताना मी तिथे हवी होते. पण ते सांगायचं तर आधी त्या हाताबद्दल बोलावं लागेल, आणि त्या हाताबद्दल आमच्यात एक शब्दही झालेला नाही. मी माझा म्हणाले आणि यांनी तो माझा राहू दिला. आता तो तसाच आहे. मी चांगलं म्हणून केलं होतं. पण त्यामुळे यांना माझ्याकडे बघता येत नाही. ताट ठेवलं की डोळे मिटतात.

उतरवलेलं रबर टेम्पोवाल्याने नेलं नाही. चांगल्या बाजूचा एक तुकडा मी कापला आणि न्हाणीत अंथरला, यांचा पाय घसरू नये म्हणून. खाचांतून पाणी निघून जातं. पाय अजिबात सरकत नाही. रोज सकाळी मी यांना त्याच्यावर उभं करते आणि अंगावर पाणी घालते. हे खाली बघत नाहीत.

यंदा उन्हाळ्यात ड्रम आला नाही. येणार नव्हताच. मी लोकांच्या शेतात कामाला जाते, आता कापूस फुटला आहे. कापसाच्या बोंडांनी बोटांची पेरं फाटतात. परवा चुलीजवळ वाळत टाकलेलं कापड सुकलं का म्हणून मी सवयीने पेर लावून बघितलं, तर काही कळलं नाही. ओलं आहे की कोरडं, ते तळव्याने बघावं लागलं.

आज खंडेनवमी होती. सकाळी शेड उघडलं. हातोडे, रोलर, सुऱ्या, ग्राइंडर पुसून पाटावर मांडले. वाटीत तेलात हळद कालवली आणि ताट घेऊन पलंगापाशी गेले. म्हटलं, "चला, मी धरते. नुसतं बोट लावा."

हे जागे होते. यांनी डावा हात गोधडीत घेतला.

मी थोडा वेळ ताट घेऊन उभी राहिले. पुन्हा म्हणाले नाही. शेडमध्ये गेले आणि मीच एकेका हत्याराला बोट लावलं, मीच कुंकू लावलं. मग न्हाणीत जाऊन हात साबणाने दोनदा धुतले, तेल राहू नये म्हणून. शेडमध्ये चिकटवायला काही नव्हतं.